व्हॉइस नोटवरचा इंटरकांबियो: काही महिने वापरल्यानंतर

स्पॅनिशच्या पहिल्या पातळीचा, म्हणजे ए-वनचा क्लास संपला तेव्हा छंदाबद्दल सांगायला माझ्याकडे एकच वाक्य होतं: 'मे गुस्ता एल सेन्देरिस्मो', मला डोंगरात भटकायला आवडतं. व्याकरण चोख, पण सूर रेशनकार्डावरचा पत्ता वाचून दाखवल्यासारखा. म्हणून इंटरकांबियो सुरू केला. आपण समोरच्याला इंग्रजी शिकवायचं, त्याने आपल्याला स्पॅनिश. थेट कॉल नाही, फक्त व्हॉइस नोट. उन्हाळ्यात स्पेन आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतो, अर्जेंटिना वर्षभर साडेआठ तास. त्यामुळे नोकरी सांभाळून हेच जमतं.

माझा मुख्य जोडीदार उत्तर स्पेनमधल्या अस्तुरियासचा, पिकोस दे एउरोपा या डोंगररांगेत वाढलेला. त्याला कोकणकड्याचा फोटो पाठवला, तर उत्तराची सुरुवातच 'आला, के पासादा!' (अरे, काय भारी!) अशी, तीही 'सा' चांगला लांबवून. मग कारेस नदीच्या घळीतली वाट सांगू लागला: कड्यात कोरलेली, पोन्सेबोस ते काईन साधारण १२ किलोमीटर, खाली नदी. 'मे फ्लिपा', म्हणजे मला जाम आवडतं, हे तर त्याच्या तोंडात कायमच. पण मला खरी भावली ती दुसरी गोष्ट. उत्साह दाखवायला तो विशेषणं फारशी वापरत नाही, तपशील सांगतो. 'येबो आन्योस सुबिएन्दो', म्हणजे वर्षानुवर्षं चढतोय, आणि लगेच कुठली वाट, कुठला ऋतू, बुटांची काय दशा झाली. तेव्हापासून मीही हरिश्चंद्रगडाचं नुसतं कौतुक करत नाही. नळीच्या वाटेने चढताना काय होतं ते सांगते.

दुसरी जोडीदार अर्जेंटिनातल्या कोर्डोबाची, त्या बाईंना विणकामाचं वेड. त्यांचं 'मे रे कोपा तेखेर' (मला विणायला जाम आवडतं) ऐकून अस्तुरियासवाला हसला, आणि त्याच अर्थाचं त्याचं 'मे चिफ्ला' ऐकून त्या. मेक्सिकोत आवडलं की 'मे लाते' म्हणतात. कुठेही चालेल असं हवं असेल तर 'मे एन्कान्ता' घ्या, पण त्याला 'मुचो' जोडू नका, त्यात 'खूप' आधीच आलं. 'मे आपासिओना' जरा भारदस्त, मुलाखतीत शोभतं. मराठी माणसाला एक गोष्ट फुकट मिळते: 'मला डोंगर आवडतात' तसंच 'मे गुस्तान लास मोन्तान्यास', क्रियापद डोंगरांप्रमाणे बदलतं. इंग्रजीच्या वाटेने गेलं की इथेच ठेच लागते.

आता तक्रारी. मराठी कुणालाच नको, सगळ्यांना इंग्रजी हवं. निम्मा वेळ आपण शिकवणीच घेतो. माणसं भली असतात, म्हणून चुका काढतच नाहीत. 'मे कोर्रिखेस, पोर फाबोर?' असं दर वेळी मागावं लागतं, तरीही अर्ध्या चुका सोडून देतात. बरेचजण दोन आठवड्यांत गायब होतात. काहींना भाषेपेक्षा ओळख वाढवण्यातच रस. मुलींनी फोन नंबर लगेच देऊ नये, मी तर कित्येक आठवडे दिला नव्हता. आणि व्याकरणाचा पाया इथे होत नाही, क्लास हवाच.

पैसे लागत नाहीत. ए-वन पूर्ण झालं असेल आणि स्वतःचा एखादा नाद असेल तर जरूर करा. जोडीदार निवडताना देश बघू नका, त्याचा छंद बघा. मी आधी फुटबॉलवेड्यांबरोबर जो वेळ घालवला, त्यातून 'गोल' सोडून काही हाती लागलं नाही.