रॅव्ह-फोर प्राइम: न्यू जर्सीत प्लग-इन घ्यावी का साधी हायब्रिड?

एडिसन-आयसेलिनकडे आपल्या लोकांत गाडीचा विषय निघाला की प्लग-इन (घरच्या सॉकेटवर चार्ज होणारी) घेऊ का साधी हायब्रिड (जिची बॅटरी चालता चालताच चार्ज होते) हा प्रश्न येतोच, म्हणून आमच्या टोयोटा रॅव्ह-फोर प्राइमबद्दल जरा सविस्तर लिहिते. आमची २०२४ ची एसई, म्हणजे त्यातलं खालचं ट्रिम आहे. २०२५ पासून टोयोटाने प्राइम नाव काढून नुसतं प्लग-इन हायब्रिड केलं, २०२५ ची बाकी गाडी तीच होती.

चालवायला ही गाडी खरंच भारी आहे. ३०२ हॉर्सपॉवर, आणि बॅटरीवर असताना आवाज असा नाहीच, टर्नपाइक हायवेच्या रॅम्पवरून मर्ज होताना मागून मोठा ट्रक येत असला तरी पाय दाबला की गाडी सुटते. फुल चार्जवर ४२ माईल हा ईपीएचा (सरकारी पर्यावरण खात्याचा) आकडा, आणि एडिसन ते प्रिन्स्टन ऑफिसला जाऊन-येऊन साधारण चाळीस होतात, त्यामुळे हवा चांगली असली की आठवडाभर पेट्रोल जळतच नाही म्हटलं तरी चालेल. थंडीत रेंज पडते. हीट पंप आहे म्हणून त्यातल्या त्यात बरं, पण एक गोष्ट माहीत असू द्या, समोरच्या काचेचा डीफ्रॉस्ट दाबला की बॅटरी फुल असली तरी इंजिन सुरू होतं. जानेवारीत सकाळी ड्राइव्हवेमध्येच इंजिन घुरघुरायला लागलं की नवीन माणूस घाबरतो, पण तो बिघाड नाही, गाडी बनवलीच तशी आहे. मी काय करते, गाडी प्लगला असतानाच आत हीटर चालू करून ठेवते, मग काच आपोआप बरीच मोकळी होते आणि डीफ्रॉस्टची गरजच कमी पडते.

लांब जायचं असेल तर बॅटरी हायवेवर संपवू नका. वॉशिंग्टनला जाताना निघाल्या निघाल्या एचव्ही मोडला (साध्या हायब्रिडसारखी चालते तो) टाकायची, म्हणजे चार्ज शिल्लक राहतो आणि तिथे शहरातल्या ट्रॅफिकमध्ये ईव्हीवर, म्हणजे नुसत्या बॅटरीवर, चालवता येते. एचव्हीवर ईपीएप्रमाणे गॅलनला ३८ माईल, रेग्युलर पेट्रोलवर, एवढ्या वजनाच्या फोर-व्हील ड्राइव्ह गाडीला हे चांगलंच म्हणायचं.

आता पैशाचं, कारण इथे बरेच जण फसतात. ईपीएच्या हिशोबाने १०० माईलला साधारण ३६ युनिट वीज लागते, म्हणजे ४२ माईलला १५ युनिट. युनिट २० सेंटला धरलं तर ३ डॉलर झाले. साधी रॅव्ह-फोर हायब्रिड गॅलनला ४० देते, पेट्रोल गॅलनला ३.२० डॉलर धरलं तर तेवढ्याच अंतराला साधारण ३ डॉलर ३५ सेंट. फरक पस्तीस सेंटचा! आणि प्राइमची किंमत सुरूच होत होती ४४ हजारांच्या आसपास, साध्या हायब्रिडपेक्षा कितीतरी हजारांनी वर. त्यामुळे जुनी वीस-बावीस माईल देणारी एसयूव्ही काढून ही घेत असाल तर इंधनाचा खर्च निम्म्यावर येईल, पण साधी हायब्रिड सोडून ही घ्यायची तर ती शांतता आणि पिकअपसाठी घ्या, बचतीसाठी नको. घरी सोलर असेल तर मात्र गणित पार बदलतं.

अपार्टमेंटमध्ये राहत असाल आणि रोज रात्री प्लग लावायची सोय नसेल तर विचारच सोडा, नाहीतर नुसतं बॅटरीचं ओझं वाहत फिराल. गॅरेजमधल्या साध्या १२० व्होल्टच्या सॉकेटवर फुल व्हायला १२ तास लागतात, आम्हाला रात्रीत पुरतं. २४० व्होल्टवर एसईला साडेचार तास, कारण आतला चार्जर ३.३ किलोवॅटचाच आहे. ६.६ चा चार्जर एक्सएसई या वरच्या ट्रिमच्या प्रीमियम पॅकेजमध्ये मिळायचा.

जागेबद्दल म्हणाल तर पाच सीट, बस्स. सासू-सासरे भारतातून आले की आम्ही सहा होतो आणि ब्रिजवॉटरच्या बालाजी मंदिरात जायला दोन गाड्या काढाव्या लागतात. मित्सुबिशी आउटलँडर प्लग-इनला तिसरी रांग आहे, ती पाहिली, पण मागे लहान मुलंच बसू शकतील. प्राइमच्या सीटची उंची मात्र सासूबाईंना एकदम बरोबर पडते, गुडघे दुखतात त्यांचे, आमच्या सेडानमधून उठताना हात द्यावा लागायचा, हिच्यातून स्वतः उतरतात.

खरेदीचा अनुभव मात्र वाईट होता. पहिल्या डीलरने स्टिकरच्या (कंपनीने लावलेल्या किमतीच्या) वर काही हजार मागितले आणि वर पेंट प्रोटेक्शन घ्यावंच लागेल म्हणाला, आम्ही सरळ उठलो. लांबच्या दुसऱ्या डीलरकडे वेटिंगला नाव लावून स्टिकर किमतीत घेतली, तुम्हीही तेच करा, घाई दिसली की ते रेट वाढवतात. ही गाडी जपानमध्ये बनते म्हणून विकत घेणाऱ्याला फेडरल टॅक्स क्रेडिट नव्हतंच, लीजवर (भाड्याने) घेऊन साडेसात हजार डॉलर मिळवायचा मार्ग होता, तोही ३० सप्टेंबर २०२५ ला बंद झाला. घाई नसेल तर २०२६ चं नवीन मॉडेल आधी चालवून बघा, त्याला बॅटरीवर ५० माईलच्या आसपास रेंज आहे आणि काही ट्रिम्समध्ये फास्ट चार्जिंगसुद्धा.