दादरचा रविवारचा अकाउंट्सचा कोर्स : नऊ महिन्यांनंतर

मार्च एंडिंगची धावपळ. बावीस तारखेला रात्री साडेदहाला जेवणं आवरून कॅश फ्लोच्या, म्हणजे रोख पैशांच्या आवक-जावकीच्या तासाचं रेकॉर्डिंग लावायला बसले, तर स्क्रीनवर ‘तुमची मुदत संपली आहे’. पावतीवर मात्र स्वच्छ छापलंय : रेकॉर्डिंग एक वर्ष. कोर्स जुलैत सुरू झाला होता. त्या रात्री रागाच्या भरातच हे लिहायला घेतलं आणि दोनच तारे द्यायचे ठरवले होते.

मी लोअर परळच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या छोट्या प्रेसमध्ये प्रॉडक्शन बघते. मालकांनी गेल्या वर्षी मॅनेजर केलं. कागद, शाई, मशीन सगळं कळत होतं, ताळेबंद समोर आला की गप्प बसत होते, म्हणून ‘नॉन-कॉमर्स मॅनेजरसाठी अकाउंट्स आणि फायनान्स’ हा कोर्स घेतला. फी २८,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण ३३,०४०. चोवीस रविवार, दर वेळी चार तास, म्हणजे तासाला ३४४ रुपये. हा हिशेब मी शेवटपर्यंत डोक्यात ठेवला होता, कारण पैसे माझ्या खिशातले होते, प्रेसचे नव्हेत.

पहिले सहा रविवार सरांनी कॉम्प्युटरला हात लावू दिला नाही. रोजकीर्द (रोजच्या नोंदी), खतावणी (प्रत्येकाचं वेगळं खातं), तेरीज (सगळ्या खात्यांच्या बाक्यांचा ताळा), सगळं वहीत आणि पेनाने. येणारी वस्तू नावे (डेबिट), जाणारी जमा (क्रेडिट). खर्च नावे, उत्पन्न जमा. टॅली या अकाउंट्सच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळं आपोआप होत असताना डोंबिवलीहून रविवारची झोप मोडून रेघा मारायला कशाला यायचं, असं तेव्हा फार वाटायचं. सरांनी सांगितलं की ही दुहेरी नोंदीची, म्हणजे प्रत्येक व्यवहार एकदा नावे आणि एकदा जमा लिहायची पद्धत १४९४ साली व्हेनिसमध्ये लुका पाचोली या गणिती धर्मगुरूने छापून प्रसिद्ध केली. व्यापारी ती त्याच्या आधीपासून वापरत होते, पुस्तकात ती तेव्हा आली. छापखान्यातली बाई असल्यामुळे तेवढं लक्षात राहिलं, पण रेघांचा राग काही गेला नाही.

त्या रेघांबद्दलचं माझं मत ऑक्टोबरात बदललं. कागदवाल्याचं स्टेटमेंट आणि आमची खतावणी यांत ६,३०० चा फरक येत होता. आमचा अकाउंटंट आठवड्यातून दोनदाच येतो, त्याने दोन फेऱ्या त्यात घालवल्या. सरांनी शिकवलेलं आठवलं : फरकाला नऊने पूर्ण भाग जात असेल तर आधी आकड्यांची अदलाबदल शोधा. ६,३०० ला जातो. बिलांची फाइल घेऊन बसले आणि दहा मिनिटांत सापडलं. ४१,८०० चं बिल ४८,१०० म्हणून चढवलं होतं. पेनाने तेरीज जुळवत बसले नसते तर हे सुचलं नसतं.

आता माझी मुख्य तक्रार. अख्ख्या कोर्समध्ये कॅश फ्लोला शेवटच्या रविवारची शेवटची चाळीस मिनिटं. घसाऱ्याला (मशीन वापरून घटणाऱ्या किमतीला) दोन रविवार, शेअर्स जप्तीच्या (हप्ते न भरणाऱ्याचे शेअर्स कंपनीने काढून घेण्याच्या) नोंदींना एक पूर्ण रविवार आणि कॅश फ्लोला चाळीस मिनिटं! मी विचारलं तर सर म्हणाले, छोट्या कंपनीला २०१३ च्या कंपनी कायद्याने रोख प्रवाह पत्रक, म्हणजे हेच कॅश फ्लो, बंधनकारक नाही. ते खरं आहे. आमची तर कंपनीही नाही, मालकांच्या एकट्याच्या नावावरचा धंदा आहे. पण कायद्याला लागत नाही म्हणून मॅनेजरला लागत नाही का?

जानेवारीत काय झालं ते सांगते. कॅलेंडर-डायऱ्यांचा सीझन जोरात गेला. ऑक्टोबर ते डिसेंबरचा नफा ३ लाख २० हजार. तरी वीस जानेवारीला, डिसेंबरचा जीएसटी भरायच्या दिवशी, मालक माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. ‘ताई, नफा आहे म्हणता, मग पैसे गेले कुठे?’ जीएसटी तर पार्टीने पैसे दिले असोत-नसोत, बिल फाडलं की आपल्याला भरावाच लागतो. कसाबसा भरला आणि संध्याकाळी त्या चाळीस मिनिटांच्या नोट्स काढून मालकांसमोर मांडणी केली. नफा ३,२०,०००. घसारा ४५,०००, तो खिशातून जात नाही, म्हणून परत मिळवला. पार्ट्यांकडून यायची उधारी वाढली ५,१०,०००, वजा. कागदाचा साठा वाढला ९०,०००, वजा. कागदवाल्याचं देणं वाढलं १,६०,०००, अधिक. आलं उणे ७५,०००. शिवाय मशीनच्या कर्जाची मुद्दल १,०५,००० आणि मालकांनी घरी नेलेले १,८०,०००, हेही वजा. एक ऑक्टोबरला बँकेत ४,१२,००० होते, डिसेंबरअखेर ५२,०००. पासबुकाशी रुपयाला रुपया जुळलं. मालकांनी तो कागद दोनदा वाचला आणि उधारीच्या ओळीखाली लाल पेनाने रेघ मारली.

टॅलीत कॅश फ्लोचा रिपोर्ट निघतो, पण त्यात किती आले आणि किती गेले एवढंच दिसतं. कागदावर नफा दिसतोय तो नक्की कुठे अडकलाय, हे या मांडणीतच कळतं. म्हणून म्हणते, याला निदान तीन रविवार हवेत. शेअर्स जप्ती काढून टाका, मॅनेजरचं त्यावाचून अडत नाही.

एक गोष्ट मात्र मनापासून कबूल करते. सरांनी एकदा सहज वीस मिनिटांत सांगितलं होतं की २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांत द्यावे लागतात, करार नसेल तर १५. आणि १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या आयकराच्या कलम ४३बी(एच) मुळे, उशीर केला तर माल घेणाऱ्याला तो खर्च करासाठी प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षी दाखवता येतो. फेब्रुवारीत मी प्रत्येक बिलावर आमचा उद्यम नोंदणी क्रमांक (छोट्या उद्योगांच्या सरकारी नोंदणीचा) छापायला लावला आणि थकलेल्या पार्ट्यांना साधी पत्रं पाठवली. नव्वद दिवसांशिवाय कधी हलत नसलेल्या पार्टीच्या अकाउंटंटचा मार्चमध्ये स्वतःहून फोन आला, ‘मॅडम, एकतीसच्या आत किती क्लिअर करायचे?’ त्या वीस मिनिटांत माझी फी वसूल झाली.

रेकॉर्डिंगचं पुढे काय झालं? तीन फोन केले, तिन्ही वेळा नवीन माणूस. एक म्हणे मुदत सहाच महिने, दुसरा म्हणे मेल करा. पावतीचा फोटो दोनदा पाठवला. शेवटी शनिवारी सुटल्यावर परळहून थेट दादरला गेले आणि पावती काउंटरवर ठेवली. तिथल्या मुलीने बघितलं, ‘सॉरी ताई’ म्हणाली आणि पाच मिनिटांत जुलैअखेरपर्यंत सुरू करून दिलं. पाच मिनिटांच्या कामासाठी मला सात दिवस आणि एक शनिवार मोजावा लागला, याचा राग अजून आहे. म्हणून दोनाचे साडेतीन तारे केलेत, चार नाही.

प्रवेश घेणार असाल तर पावतीवर मुदतीची तारीख आकड्यात लिहून घ्या. निघताना त्या मुलीने पुढच्या ‘ॲडव्हान्स’ बॅचचं पत्रक हातात दिलं. मी विचारलं, यात कॅश फ्लोला किती रविवार? ‘सरांना विचारून कळवते,’ म्हणाली. अजून फोन आलेला नाही, आल्यावर इथेच लिहीन.