आठ महिन्यांच्या वापरानंतर: ‘अल्फा सेंटॉरी’मधील वैज्ञानिकांचे राज्य

‘सिड मायर्स अल्फा सेंटॉरी’ हा फिरॅक्सिसचा संगणकीय खेळ १९९९ साली आला, आणि त्याची मुख्य रचना ब्रायन रेनॉल्ड्स यांची होती. इतका जुना खेळ मी गेल्या पावसाळ्यात विकत घेतला तो एका ठरावीक हेतूने. राज्यकारभार तज्ज्ञांच्या हाती सोपवला तर तो कसा चालेल, या प्रश्नाचे उत्तर एखादा खेळ कथेतून न देता नियमांतून देतो का, हे मला पाहायचे होते. म्हणून आठ महिने मी एकच पक्ष खेळलो, ‘युनिव्हर्सिटी ऑफ प्लॅनेट’, म्हणजे वैज्ञानिकांचे विद्यापीठ. तीन डाव पूर्ण केले आणि चौथा अजून चालू आहे.

खेळाची पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. २०६० साली ‘युनिटी’ नावाचे यान पृथ्वीवरून निघते, चाळीस वर्षांनी ते अल्फा सेंटॉरीला पोहोचते, तोवर कप्तानाचा खून झालेला असतो आणि प्रवासी सात गटांत विभागले जातात. यातील बरेचसे पुढारी यानावरचे अधिकारी आहेत. विद्यापीठाचे प्रोखोर झाखारोव हे यानाचे मुख्य विज्ञान अधिकारी होते, तर ‘शांतिसेना’ या गटाचे प्रवीण लाल हे शल्यचिकित्सक होते. म्हणजे राज्ये स्थापन होण्याआधीच सत्ता तज्ज्ञांकडे आलेली आहे, आणि खेळ पुढे जो प्रश्न विचारतो तो तज्ज्ञाने राज्य करावे की नाही असा नसून कोणत्या तज्ज्ञाने कशाच्या बळावर राज्य करावे असा आहे. ही गोष्ट माझ्या दुसऱ्या डावात लक्षात आली आणि तेव्हापासून मी हा खेळ वेगळ्या नजरेने पाहू लागलो.

विद्यापीठाला मिळणारे लाभ मोठे आहेत. संशोधनाला अधिक दोन, आणि प्रत्येक नव्या वसाहतीत ‘नेटवर्क नोड’ नावाचे संशोधन केंद्र फुकट. राज्याची धोरणे ठरवण्याच्या तक्त्यात मूल्यांच्या रकान्यात ‘ज्ञान’ निवडले की संशोधन आणखी दोनने वाढते. या राज्याला धर्माधिष्ठित शासनपद्धती निवडताच येत नाही, आणि ते योग्यच आहे. परंतु नियमकर्त्यांनी त्याच्या पदरात दोन उणिवाही टाकल्या आहेत. पहिली अशी की दर चार नागरिकांमागे एक जास्तीचा ‘ड्रोन’, म्हणजे असंतुष्ट श्रमिक, तयार होतो. दुसरी अशी की हेरगिरीपासून होणाऱ्या संरक्षणात हे राज्य मुळातच एकने उणे असते, आणि ‘ज्ञान’ हे मूल्य स्वीकारले की आणखी दोनने उणे होते.

या आकड्यांकडे नीट पाहावे. प्रवीण लाल यांच्या राज्यात दर चार नागरिकांमागे एक जास्तीचा ‘टॅलेंट’, म्हणजे समाधानी आणि कर्तबगार माणूस, मिळतो. दोघेही तज्ज्ञ आहेत, प्रमाणही तेच आहे, तरी एकाच्या कारभारात चौथा माणूस फुलतो आणि दुसऱ्याच्या कारभारात तोच माणूस दुरावतो. लाल संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या आधारे राज्य करतात, झाखारोव निष्कर्षाच्या आधारे. माझ्या मते या संपूर्ण खेळातील सर्वात विचारी वाक्य हे दोन ओळींच्या तक्त्यात लिहिलेले आहे.

या उणिवांवर खेळाडू काय उपाय करतो, त्यात या अनुभवाचे मर्म आहे. वसाहतीत ड्रोनांची संख्या टॅलेंटांपेक्षा वाढली की दंगल होते आणि उत्पादन थांबते. दडपशाही करायची म्हटली तर ‘पनिशमेंट स्फिअर’ बांधता येते. त्याने ड्रोन नाहीसे होतात, पण टॅलेंटही नाहीसे होतात आणि तेथील संशोधन निम्म्यावर येते. संशोधन हाच ज्याचा श्वास आहे त्या राज्याला हे परवडत नाही. मग माझ्यासारखा खेळाडू ‘व्हर्च्युअल वर्ल्ड’ हा गुप्त प्रकल्प (असा प्रकल्प एका डावात एकाच राज्याला बांधता येतो) सर्वांआधी पूर्ण करतो, कारण त्यामुळे प्रत्येक नेटवर्क नोड करमणुकीच्या नाट्यगृहाचेही काम करू लागतो, आणि नोड तर आपल्याकडे प्रत्येक वसाहतीत आधीच उभा असतो. पुढे ‘हंटर-सीकर अल्गोरिदम’ हा प्रकल्प बांधला की हेरपथकांचा उपद्रवही संपतो. तोपर्यंत मात्र तो फार जाचक असतो: शोध चोरीला जातात, नामांकित संशोधकांच्या हत्या होतात, प्रसंगी अख्खी वसाहत फितूर होते.

पहिल्या दोन डावांत मी हे दोन्ही प्रकल्प पूर्ण केले आणि मला फार समाधान वाटले. तिसऱ्या डावात मात्र मी थांबून विचार केला. असंतोष हा राजकीय प्रश्न होता आणि मी त्यावर यंत्र बसवले होते. गुपिते बाहेर जाणे हा खुल्या ज्ञानव्यवहाराचा परिणाम होता आणि त्यावरही मी यंत्रच बसवले होते. दंगली थांबल्या, पण त्या का होत होत्या हे मी एकदाही कोणाला विचारले नव्हते, आणि विचारण्याची सोयही खेळात नाही. तंत्रज्ञशाही, म्हणजे तज्ज्ञांचे राज्य, बिघडते ती अज्ञानामुळे नव्हे, तर तिच्या हाती प्रत्येक तक्रारीवर उपाय असतो आणि त्यामुळे तक्रार ऐकण्याची गरज उरत नाही म्हणून, हे मला येथे पटले.

आणखी एका नियमाचा येथे उल्लेख करायला हवा. या खेळाचे चलन ऊर्जा हे आहे, आणि मिळालेली ऊर्जा अर्थव्यवस्था, लोकांचे मानसिक स्वास्थ्य आणि प्रयोगशाळा या तिघांत वाटावी लागते. तंत्रज्ञशाहीसाठीचा ‘टेक्नोक्रसी’ हा इंग्रजी शब्द कॅलिफोर्नियातील अभियंता विल्यम हेन्री स्मिथ यांनी १९१९ साली वापरला. पुढे महामंदीच्या काळात अमेरिकेत हॉवर्ड स्कॉट यांच्या चळवळीने पैसा रद्द करून त्याजागी ऊर्जेची प्रमाणपत्रे देण्याची कल्पना मांडली. तेव्हा या खेळात दर काही चालींनी वाटपाचे ते तीन दांडे मागेपुढे करताना मी स्कॉट यांच्या स्वप्नातील अधिकाऱ्याच्या खुर्चीत बसलो आहे असे मला वाटत असे. त्या खुर्चीत बसल्यावर कळते की ऊर्जा किती आहे हे मोजता येते, पण प्रयोगशाळेची किती ऊर्जा काढून माणसांना द्यावी याचे उत्तर कोणत्याही मापनातून येत नाही. ते ठरवावे लागते, आणि ठरवणारा कोणाला जबाबदार आहे हा प्रश्न तेथे उभा राहतो.

खेळाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. झाखारोव यांच्या राज्यात सगळे तज्ज्ञ एकमताचे आहेत. प्रत्यक्षात अभियंता आणि अर्थतज्ज्ञ यांचे क्वचितच जुळते, आणि अमेरिकेतील ती चळवळसुद्धा १९३३ मध्येच दुभंगली होती. शिवाय खेळाडूला आपल्या प्रत्येक वसाहतीचा प्रत्येक आकडा अचूक दिसतो, ही कृपा कोणत्याही खऱ्या प्रशासकाच्या वाट्याला येत नाही. या दुसऱ्या दोषावर एक उतारा खेळातच आहे. डाव सुरू करताना ‘ब्लाइंड रिसर्च’ हा पर्याय चालू ठेवावा. मग कोणता शोध लागावा हे निवडता येत नाही, फक्त साधारण दिशा देता येते. वैज्ञानिकांच्या राज्यातही विज्ञान हुकमाने चालत नाही हे त्यातून पुरते अनुभवास येते, आणि माझ्या मते विद्यापीठ खेळायचे तर याच पर्यायाने खेळावे.

चित्रे जुनी आहेत, पटल दाटीवाटीचे आहे आणि पहिले दोन आठवडे चिन्हे ओळखण्यातच जातात. पण त्यानंतर ही अडचण जाणवत नाही. यंत्र साधे असले तरी चालते.

चौथ्या डावात मी स्वतःवर एक बंधन घालून घेतले आहे. ‘व्हर्च्युअल वर्ल्ड’ बांधायचे नाही, आणि ऊर्जेचा जवळजवळ तिसरा हिस्सा लोकांच्या स्वास्थ्यासाठी राखायचा. परिणाम असा की माझे संशोधन तिसऱ्या डावाच्या मानाने बरेच मागे आहे आणि तो प्रकल्प अखेर लाल यांनी पूर्ण केला. त्यांची हेरपथके माझ्या किनाऱ्यावर उतरू लागली आहेत. माझ्या वसाहतींत मात्र गेल्या साठ चालींत एकही दंगल झालेली नाही, आणि हा डाव मला हरायचा नाही.