वेलगुलाब लावून १६ महिने झाले: कळी का धरत नव्हता, आणि कधी धरली

गेल्या वर्षी आषाढात क्लायंबिंग आइसबर्ग घेतला. पांढरा, झुबक्यानं फुलणारा, काटे फारच कमी. कलम ३५० रुपयांना पडलं. जुळे सोलापुरातल्या आमच्या घराची पूर्वेकडची भिंत त्यानं भरून जावी एवढीच इच्छा होती. सासूबाईंना देवपूजेला घरची पांढरी फुलं हवी होती, हेही एक कारण. आज नोव्हेंबर संपत आलाय. या सोळा महिन्यांतले पहिले चौदा एकही फूल नव्हतं. ते का, हे सविस्तर लिहितेय, कारण मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर निम्मा काळ वाचला असता.

आधी जागेबद्दल. पूर्वेची भिंत निवडली ते बरोबर ठरलं. सकाळी सातपासून दुपारी एकपर्यंत चांगलं ऊन मिळतं, आणि मे महिन्यातलं चारनंतरचं भाजणारं ऊन टळतं. पश्चिमेच्या भिंतीला लावला असता तर आपल्याकडच्या ४३ अंशांत भिंतच तव्यासारखी तापली असती. दोन फूट रुंद, दोन फूट खोल खड्डा घेतला. आमची काळी माती पावसात चिकट होते आणि उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून तिच्यात मुरूम आणि दोन पाट्या जुनं शेणखत मिसळलं. पिशवीतला लाल मातीचा गड्डा दगडासारखा घट्ट होता, तो मी तसाच खड्ड्यात ठेवला. हे चुकलं. पाणी बाजूच्या मातीत मुरायचं आणि गड्डा आतून कोरडा राहायचा. महिनाभरानं उकरून कडेनं मोकळा केला तेव्हा कुठे झाड हललं.

पहिल्या दसऱ्याला शेजारच्या काकूंनी त्यांचे झुडपी गुलाब छाटले, ते बघून मीही याला फूटभर ठेवून छाटला. वेलगुलाबाच्या बाबतीत ही सगळ्यात महागात पडणारी गोष्ट आहे. झुडपी गुलाब छाटला की नव्या फुटीच्या शेंड्याला फूल येतं. वेलगुलाबाला आधी लांब काड्या तयार कराव्या लागतात आणि त्या काड्यांच्या बगलेतून निघणाऱ्या आखूड फांद्यांवर फुलं येतात. काडीच कापून टाकली तर झाड पुन्हा पहिल्यापासून काडी बनवत बसतं. त्यात ही जात मूळच्या झुडपी आइसबर्गवर आपोआप निघालेल्या लांब फांदीपासून वाढवलेली आहे. मूळ आइसबर्ग जर्मनीतल्या कोर्डेस या गुलाबाच्या नव्या जाती तयार करणाऱ्यांचा, १९५८ मधला. त्याचा वेलीचा प्रकार १९६८ मध्ये आला. अशा जाती कोवळ्या वयात कडक छाटल्या तर परत झुडपासारख्या वाढू लागण्याची भीती असते. माझं नशीब, तसं झालं नाही. काही जुने वेलगुलाब तर वर्षातून एकदाच, मागच्या हंगामाच्या काडीवर फुलतात. त्यांची काडी हिवाळ्यात कापली की ते वर्ष गेलंच.

फुलं येईनात म्हणून मी युरिया घालायला लागले. दर तीन आठवड्यांनी दोन चमचे. झाड असं फोफावलं की जाणारे-येणारे थांबून बघायचे. पानं हाताएवढी, गडद हिरवी, काडी सहा फुटांवर. आणि कळी नाही. नत्र जास्त झालं की झाड पालाच वाढवत राहतं, फुलाकडे वळत नाही. शिवाय त्या लुसलुशीत पाल्यावर डिसेंबरात भुरी, म्हणजे पांढरी बुरशी, आली. संक्रांतीला सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेत नंदीध्वज निघाले त्या दिवशी सासूबाईंनी बाजारातून शेवंती आणली आणि वेलाकडे बघून काहीच बोलल्या नाहीत. मला ते फार लागलं.

फेब्रुवारीत आणखी एक गोष्ट लक्षात आली. सगळ्यात जोमदार काडी बाकीच्यांपेक्षा वेगळी दिसत होती. फिकट हिरवी, पानं बारीक आणि एका देठावर सात-सात. बुंध्याची माती हातानं बाजूला केली तर ती कलमाच्या सांध्याखालून, जंगली खुंटातून निघालेली होती. लावताना मी सांधाच मातीत गाडला होता. नुसती सात पानं मोजून निकाल लावू नका, काही चांगल्या जातींनाही सात पानं असतात. काडी कुठून निघाली ते उकरून बघा. ती मी कात्रीनं न कापता मुळाशी धरून ओढून काढली, कारण कापलेल्या जागी परत दोन फुटतात. तोपर्यंत चार महिने घातलेलं बरंचसं खतपाणी त्या रानफुटीनंच घेतलं होतं.

उन्हाळ्यात फुलाची अपेक्षाच सोडली, फक्त झाड जगवलं. बुंध्याशी उसाचं पाचट अंथरलं, चौथ्या दिवशी सकाळी भरपूर पाणी. नळाला रोज पाणी नसतं, म्हणून बोअरचं घालत होते आणि त्यातल्या क्षारांनी नवी पानं पिवळी पडली, शिरा मात्र हिरव्या. हे लोहाच्या कमतरतेचं लक्षण. हिराकस (फेरस सल्फेट) टाकून बघितलं, उपयोग झाला नाही, चुनखडीच्या मातीत ते लोह लगेच अडकून बसतं. ईडीडीएचए प्रकारचं चिलेटेड लोह, म्हणजे अशा मातीतही अडकून न बसणारं, दिल्यावर तीन आठवड्यांत पालवी हिरवी झाली.

खरं उत्तर मिळालं ते मृगाच्या सुमारास. नान्नजचे माझे मामा आले होते. त्यांची द्राक्षबाग आहे, आयुष्य वेलीत गेलंय. चहाचा कप हातात घेऊन ते भिंतीपाशी गेले, दोन मिनिटं नुसते बघत उभे राहिले.

"अगं, याला ओलांडाच केला नाहीस की तू!"

मी म्हटलं, "मामा, हा गुलाब आहे, द्राक्ष नव्हे."

"वेल ती वेलच की. सरळ वर सोडलीस तर सगळा जोर शेंड्याला जातो. खालचे डोळे झोपूनच राहतात. आडवी कर, बघ डोळे कसे फुटतात ते."

अगदी तसंच आहे. काडीच्या शेंड्यात ऑक्झिन नावाचं वाढीचं संप्रेरक तयार होतं, ते खाली उतरत जातं आणि बगलेतल्या डोळ्यांना रोखून धरतं. काडी आडवी झाली की हा धाक कमी होतो आणि जवळजवळ प्रत्येक डोळा फुटायला बघतो. द्राक्षाचे ओलांडे मांडवाच्या तारेवर आडवे नेतात, त्यामागेही हेच आहे.

मामांनी भिंतीत खिळे मारून दीड-दीड फुटावर तीन तारा ताणून दिल्या. दोन कोवळ्या काड्या आम्ही पंख्यासारख्या पसरून जवळजवळ आडव्या बांधल्या, सुतळीचा आठच्या आकड्यासारखा सैल फास देऊन. तिसरी काडी जून झाली होती, वाकवताना कडकड वाजली म्हणून तशीच उभी सोडली. आता वाटतं, बरं झालं सोडली.

आषाढी झाली आणि तिसऱ्या आठवड्यात बदल दिसला. आडव्या काडीवर दर दोन-तीन बोटांवर एकेक डोळा फुगला. आधी मोहरीएवढा लाल ठिपका, मग तांबूस टोक, आठवड्यात त्याची बोटभर फांदी. एका काडीवर मी अकरा मोजल्या. गौरी-गणपतीत पहिला झुबका उघडला. उभ्या काडीला तेव्हा फक्त शेंड्याला तीन कळ्या होत्या, खालचे पाच फूट कोरेच. एकाच झाडाच्या काड्या, एकच माती, एकच पाणी.

दसऱ्याला फक्त फुलून गेलेल्या आखूड फांद्या दोन-तीन डोळ्यांवर छाटल्या, मुख्य काडीला हात लावला नाही. युरिया बंद केलाय. शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड, एवढंच. आता दुसरा बहर चालू आहे. थंडीमुळे कळीच्या पाठीवर हलकी गुलाबी झाक येते, उमलल्यावर जाते. वास सौम्य आहे, देशी गुलाबाच्या वासाची सवय असेल तर तेवढी अपेक्षा ठेवू नका. पाकळ्याही लवकर गळतात, हारासाठी हा उपयोगाचा नाही.

माझ्याकडून पाचपैकी चार स्टार. एक कमी केला तो नर्सरीत मिळालेल्या "सहा महिन्यांत भिंत पांढरी होईल" या आश्वासनासाठी. नवीन वेलगुलाबाचं पहिलं वर्ष, कधीकधी दुसरंही, मुळं आणि काड्या करण्यातच जातं, हे कलम हातात देतानाच सांगायला हवं होतं. सासूबाई आता सकाळी परडी घेऊन आधी भिंतीकडे जातात. कालच्या परडीत सात फुलं होती.