तपासणी चोख, जिना वाईट (५ पैकी ४ स्टार)

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लेथवर आयुष्य गेलं, त्यामुळं 'व्हायब्रेशन' म्हटलं की मला आधी बेअरिंग गेल्याचीच शंका येते. साखरेचा आजार जुना आहे, रात्री लाईट गेली की तोल जातो, म्हणून डॉक्टरांनी राजारामपुरीतल्या या फिजिओथेरपी सेंटरला पायांना व्हायब्रेशन देऊन तोल तपासायला पाठवलं.

टाचेच्या वरच्या जाड शिरेवर, दोन्ही पायांना पट्ट्यानं छोट्या मोटारी बांधल्या. किती हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला किती थरथरी, विचारलं. मॅडम म्हणाल्या, ८०. म्हणजे मिनिटाला ४,८०० फेरे (आरपीएम), वाईट नाही. "काका, डोळे मिटा, मी मागं उभी आहे." मोटारी सुरू झाल्या आणि मी आपोआप मागं कलायला लागलो. कुणी ढकललं नाही, काही नाही! डोळे उघडल्यावर बराच सावरलो. पायाखालची पाटी हा सगळा झोल कॉम्प्युटरवर उतरवत होती.

स्नायूत ताण ओळखणारे बारीक तंतू असतात. थरथरीनं ते फसतात, पोटरी ताणली गेल्याची खबर वर धाडतात. मेंदूला वाटतं माणूस पुढं झुकला, तो मागं ओढतो. नडगीच्या बाजूला मोटार लावली की पुढं ओढतो. कोपराच्या वर दंडाला लावली तेव्हा तर हात बांधलेला असून सरळ होत चाललाय असं वाटलं. दुसऱ्या हातानं तोच कोन दाखवताना मी साफ चुकलो. स्नायूचा हा प्रतिसाद १९६६ साली एकलुंड आणि हागबार्थ या स्वीडनच्या संशोधकांनी मांडलेला, म्हणजे माझ्या पहिल्या लेथपेक्षा जुना.

माझा डावा पाय उजव्यापेक्षा सुस्त निघाला. एवढ्यावरून आजार ठरत नाही, हे मॅडमनी स्वतःहून सांगितलं. पायाच्या अंगठ्यावर १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क, म्हणजे थरथरणारा धातूचा काटा, लावून पाहिला, नसांची तपासणीही करायला लावली. उगाच घाबरवलं नाही की पॅकेज गळ्यात मारलं नाही, हे मला आवडलं.

स्टार एक कापला तो जिन्यासाठी. तोल जाणाऱ्यांचं सेंटर पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही, कठडा एकाच बाजूला! रिपोर्टही सगळा इंग्रजीत.

जाताना सोबत कुणीतरी न्या आणि हाफ पँट घाला, नाहीतर पट्टे बांधताना लेंगा गुंडाळत बसावं लागतं.