ड्रायरचे सुटे भाग: कंपनीचे की बाजारातले?

सेमी-ऑटोमॅटिक वॉशिंग मशीनचा ड्रायर नुसता गुणगुणतो आणि फिरत नाही, तेव्हा बहुधा कपॅसिटर, म्हणजे मोटरला फिरण्यासाठी सुरुवातीचा जोर देणारा भाग, गेलेला असतो. येथे कंपनीच्याच भागाचा आग्रह धरण्याचे कारण नाही. जुन्यावर छापलेले मायक्रोफॅरड (विद्युतभार साठवण्याच्या क्षमतेचे एकक, µF) जुळले आणि व्होल्टेजची क्षमता तेवढीच किंवा अधिक असली, की चांगल्या प्रतीचा पर्यायी कपॅसिटरही तेच काम करतो. (प्लग काढल्यावरही त्यात विद्युतभार उरू शकतो, हे विसरू नये.) ड्रायरच्या दांड्याभोवतीच्या रबरी सीलला मात्र हा न्याय लावता येत नाही, कारण त्याचा आतला व्यास किंचित जरी सैल असला, तरी पाणी दांड्यावरून ओघळत खालच्या मोटरवर पडते आणि सीलमध्ये वाचवलेले पैसे मोटर रिवाइंड करण्यात, म्हणजे तिची तार नव्याने गुंडाळून घेण्यात, जातात. सील मूळच घ्यावे. धुण्याच्या बाजूच्या बेल्टचा क्रमांक जुळला, तर पर्यायी बेल्ट चालतो.