कोल्हापुरातलं कास्टिंग: लहान ऑर्डरवाल्यांसाठी सेवेचा आढावा

पंधरा किलोचं बेअरिंग हाउसिंग, नग पन्नास, मटेरियल ग्रे आयर्न (करडं ओतीव लोखंड), ग्रेड एफजी 260. एवढ्याशा कामाला मोठी फौंड्री, म्हणजे ओतकामाचा कारखाना, दाद देत नाही. कोल्हापुरात हे काम घेतात, आणि इथल्या सेवेचे निम्मे गुण त्यालाच. शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले या पट्ट्यात पॅटर्नवाला (साच्यासाठी नमुना बनवणारा), कोअरवाला (आतल्या पोकळीसाठी वाळूचा गाभा बनवणारा), फौंड्री, फेटलिंग (ओतलेल्या जॉबची साफसफाई), मशीनशॉप हे सगळं टेम्पोच्या एका फेरीत उरकतं. कुणालाच सगळी यंत्रं स्वतः घेऊन बसावं लागत नाही. भूगोलात ज्याला समूहीकरणाचे फायदे म्हणतात, ते इथे थेट कोटेशनमध्ये दिसतात.

खरं तर इथे ना लोहखनिज, ना दगडी कोळसा. पिग आयर्न येतं होस्पेट-कोप्पळकडून. पण गिऱ्हाईक दारात होतं: ऊस, गुऱ्हाळं, नदीवरचे पंप. उसाचे चरक आणि ऑइल इंजिनं दुरुस्त करता करता ओतकाम उभं राहिलं. शेतीपंपांना वीज आली, इंजिनांची मागणी आटली, तेव्हा तेच कारागीर मोटारींच्या भागांकडे वळले. अर्थतज्ज्ञ आल्फ्रेड वेबरने 1909 मध्ये मांडलेला हिशेबही इथे लागू पडतो: प्रक्रियेत ज्याचं वजन खूप घटतं, अशा कच्च्या मालाजवळ कारखाना जातो. ओतलेल्या 100 किलो धातूत चांगला जॉब 60-65 किलोच निघतो, पण उरलेले रनर-रायझर (साच्यातल्या वाटांत गोठलेला जादा धातू) पुन्हा भट्टीत जातात. वितळताना खरी घट 3 ते 5 टक्क्यांची. कच्चा माल वितळताना फारसं वजन गमावत नसेल, तर भट्टीने खाणीजवळ जायचं कशाला? ती कारागिरांजवळ राहते. दुखणं विजेचं. इंडक्शन भट्टीला टनामागे साधारण 550 ते 650 युनिट लागतात, त्यामुळे वीजदर वाढला की किलोचा भावही वाढतो.

आता काम देताना. ड्रॉइंगवर मशीनिंगची जागा खूण करून द्या आणि तिथे 3 मिमी माल जास्त धरा. ग्रे आयर्न आकसतं सुमारे 1 टक्का, म्हणजे मीटरला 10 मिमी; पॅटर्नवाला ते धरतोच. एसजी आयर्नचा (मॅग्नेशियम मिसळून केलेलं चिवट ओतीव लोखंड) हिशेब वेगळा असतो, म्हणून ग्रेड पॅटर्न बनण्याआधीच ठरवा. मागाहून ग्रेड बदलला की माप चुकतं आणि मग भांडण कुणाशी करायचं तेही कळत नाही.

सगळ्यात जास्त रिजेक्शन ब्लोहोलचं, म्हणजे जॉबच्या आत वायूने पडलेल्या भोकांचं. ओल्या वाळूच्या साच्यात पाणी 3 ते 4 टक्के हवं. त्याहून जास्त झालं, किंवा कोअरला हवा जायला वाट नसली, की वाफ धातूत अडकते. वरून जॉब चकाचक, आणि लेथवर दुसऱ्या कटाला भोक उघडं पडतं. पावसाळ्यात हे हमखास वाढतं. जाड आणि पातळ भिंत जिथे मिळते तिथे आतून पोकळी राहते, ती मात्र बहुतेकदा डिझाइनची चूक असते. कोपऱ्याला त्रिज्या द्या.

चांगली फौंड्री ओळखायची तर ओतण्याआधी वेज टेस्ट करतात का ते पाहावं. पाचरीसारखा छोटा तुकडा ओततात, थंड करून हातोड्याने फोडतात. टोकाला पांढरी पट्टी आणि मागे करडं लोखंड दिसतं. पट्टी रुंद निघाली तर पातळ भिंती कडक होऊन टूल तुटणार, म्हणून भट्टीतच दुरुस्ती करतात. स्पेक्ट्रोचा (धातूतले घटक मोजणारं यंत्र) रिपोर्ट कितीही सुबक असला तरी हा फुटलेला तुकडा जास्त बोलतो. जॉबवर हीट नंबर (भट्टीच्या कोणत्या घाण्यातला माल ते सांगणारा क्रमांक) हवाच, नाहीतर खराब लॉट शोधता येत नाही.

दर सगळ्यात स्वस्त नाही. तारखाही 'पुढच्या आठवड्यात' या कोल्हापुरी मापाने मिळतात. मोठ्या गिऱ्हाइकाची घाई आली की लहान लॉट मागे सरकतो. जुलै-ऑगस्टात निकडीची डिलिव्हरी ठरवूच नका. 2019 आणि 2021 च्या पुरात पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं आणि वाहतूक बंद पडली. भट्टी तयार असूनही कोअर उद्यमनगरात अडकला तर काम थांबलंच.

लहान लॉट, ग्रे आयर्न, मशीनिंगसह: पाचपैकी चार. एसजी आयर्नसाठी तीनच, कारण मॅग्नेशियम मिसळल्यावर दहा मिनिटांच्या आत धातू ओतून संपवण्याची शिस्त सगळीकडे सारखी नाही. पॅटर्नचे पैसे तुम्ही भरता, तेव्हा तो तुमचा असल्याचं डिलिव्हरी चलनावर लिहून घ्या.